कीपॅडची मुकी बटणे आणि त्यांची तपासणी



नांदेडच्या किंवा लातूरच्या कोणत्याही सुशिक्षित कुटुंबात आज आकड्यांची बटणे किती ठिकाणी आहेत, हे एकदा सहज मोजून पाहावे. ती दूरचित्रवाणीच्या रिमोटवर आहेत, मायक्रोवेव्हवर आहेत, कपाटातील लहान तिजोरीवर आहेत. बँकेचे पैसे काढावयास गेलो तर तेथे आहेत आणि मोंढ्यात तूर किंवा सोयाबीन घालावयास गेलो तर अडत्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावरही आहेत. ज्यांची गावी थोडीबहुत जमीन आहे, आणि आपल्याकडे शहरवासी झालेल्या पुष्कळ कुटुंबांची ती असते, त्यांच्यापैकी कित्येकांच्या विहिरीवरील मोबाईल स्टार्टरच्या पेटीवरही अशीच बटणे बसविलेली असतात. बटणांच्या या समूहास कीपॅड म्हणतात. आणि कोणते बटण दाबले गेले हे ओळखून पुढील हुकूम सोडणारी जी बोटाच्या पेराएवढी चिप त्याच्यामागे असते, तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. हा कीपॅड मुका झाला, किंवा भलतेच बोलू लागला, म्हणजे दोष नेमका कोठे आहे हे कसे शोधावे, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय क्षुल्लक वाटेल. परंतु तो कोणासाठी क्षुल्लक नाही हेही पाहिले पाहिजे. शेतीच्या वाहिन्यांना वीज पाळीपाळीने देण्याची पद्धत आपल्याकडे बरीच वर्षे चालत आली आहे. काही दिवस दिवसा, तर काही दिवस रात्री. सौर वाहिन्यांची योजना २०१७ साली निघाल्यापासून दिवसा वीज मिळणारी गावे वाढत आहेत हे खरे. तथापि रात्रीची पाळी ज्यांच्या वाट्यास येते, त्यांना मध्यरात्री हातात बॅटरी घेऊन ओल्या बांधावरून विहिरीवर जावे लागते. वाटेत साप-विंचवाचे भय असते, आणि ओल्या हाताने स्टार्टरला स्पर्श करण्याचे भय त्याहून मोठे. ही फेरी टाळावी म्हणून मोबाईल स्टार्टर आला. या पेटीत पंप किती वेळ चालवावयाचा, कोणत्या फोनचे ऐकावयाचे, हे सारे काही पेट्यांत कीपॅडवरून भरावे लागते. तो बिघडला म्हणजे पेटी शहरात येते, दुकानदार एकदा वरून पाहतो, ‘बोर्ड गेला’ म्हणतो आणि नवी पेटी समोर ठेवतो. काही हजार रुपये जातात ते जातातच. शिवाय मधल्या तीन-चार दिवसांत हरभऱ्याचे पाणी चुकते. आणि पुष्कळदा बोर्ड गेलेला नसतो. कीपॅडपासून बोर्डाकडे जाणारी चार बोटे लांबीची एक पट्टी तडकलेली असते.

नभोवाणीवर चित्र दाखविता येत नाही. म्हणून आपण एक कागद व पेन्सिल घ्यावी ही विनंती. कागदावर चार आडव्या रेघा व त्यांना छेदणाऱ्या तीन उभ्या रेघा काढा. जेथे जेथे रेघा एकमेकींस छेदतात, तेथे तेथे एकेक टिंब द्या. बारा टिंबे झाली. पहिल्या आडव्या रेघेवर १, २, ३. दुसरीवर ४, ५, ६. तिसरीवर ७, ८, ९. आणि चौथीवर स्टार, शून्य व हॅश अशी नावे लिहा. झाला आपला कीपॅड. प्रत्येक रेघ ही एक तार आणि प्रत्येक टिंब हे एक बटण. रेघा एकमेकींवरून जातात, पण एरवी त्यांचा परस्परांशी स्पर्श नसतो. बटण दाबले म्हणजे त्या टिंबापाशी आडवी तार उभ्या तारेस टेकते. बारा बटणांना अशा रीतीने बारा जोड तारांची गरज न पडता सात तारांत काम भागते, आणि सोळा बटणांना आठ तारांत. वर्गातील विद्यार्थ्यास आपण ‘तिसरी रांग, दुसरा बाक’ असे म्हणून उभे करतो, तशीच ही योजना आहे. ती आजची नव्हे. अमेरिकेत १८ नोव्हेंबर १९६३ रोजी बटणांचा टेलिफोन प्रथम ग्राहकांच्या हाती आला, त्यातही रांग व स्तंभ हेच तत्त्व होते. तेव्हा बटणे दहाच होती. स्टार व हॅश ही दोन मागाहून, १९६८ साली आली.

आता चिप काय करते ते पाहू. तीन उभ्या तारांवर विजेचा दाब नेहमी पूर्ण, समजा ५ व्होल्ट, राहील अशी तजवीज केलेली असते. चिप पहिल्या आडव्या तारेवरील दाब क्षणभर शून्यावर आणते आणि तिन्ही उभ्या तारांकडे पाहते. कोणीही खाली आली नाही, तर पहिल्या रांगेतील बटण दाबलेले नाही. मग दुसरी आडवी तार, मग तिसरी, मग चौथी, आणि पुन्हा पहिली. गावातील गस्तवाल्याने चार आळ्यांतून एकामागून एक फिरावे तसे हे चालते; फरक इतकाच की ही फेरी एका सेकंदात शेकडो वेळा होते. दुसरी आडवी तार शून्यावर असताना मधली उभी तार खाली आली, तर चिप ओळखते की ५ दाबले आहे.

उभ्या तारांवर दाब पूर्ण ‘राहील’ अशी तजवीज, असे मी म्हणालो, त्या तजविजीकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. कारण नवख्यांची अर्धी फजिती तेथेच होते. कोठेही न जोडलेल्या तारेवरचा दाब शून्य असतो असा सर्वसाधारण समज आहे, आणि तो चुकीचा आहे. अशी तार म्हणजे कडी-स्प्रिंग काहीच नसलेले दार. वाऱ्याबरोबर ते कधी उघडते, कधी मिटते. नुसता हात जवळ नेला, बाजूस ट्यूबलाइट लागली, तरी तिच्यावरचा दाब बदलतो आणि चिपला वाटते की बटण दाबले. म्हणून प्रत्येक उभी तार एका रेझिस्टरमधून, शालेय पुस्तकाच्या भाषेत रोधकामधून, ५ व्होल्टांस बांधून ठेवतात. हा बहुधा १०,००० ओहमचा असतो. तो दारास लावलेल्या स्प्रिंगचे काम करतो: कोणी ओढले तर दार उघडते, सोडले की आपोआप मिटते.

गेल्या उन्हाळ्यात पदविकेचा एक विद्यार्थी आपला प्रकल्प घेऊन मजकडे आला होता. त्याने ८०५१ जातीची चिप घेतली होती. ही चिप १९८० साली निघाली, आणि आपल्याकडील अभियांत्रिकीच्या व पदविकेच्या वर्गांतून अनेक वर्षे शिकविली गेली. कीपॅडला हात न लावताच पडद्यावर आकडे उमटत होते. हात जवळ नेला की अधिकच. दोन कीपॅड व एक चिप त्याने बदलून पाहिली होती.

‘‘गुरुजी, आता तिसरा कीपॅड आणू का?’’ तो म्हणाला.

‘‘आधी कीपॅड काढूनच टाक, आणि आकडे उमटायचे थांबतात का पाहा,’’ मी म्हटले.

थांबले नाहीत. कीपॅड नसतानाही आकडे उमटतात, मग दोष कीपॅडचा कसा असेल? त्याने उभ्या तारा त्या चिपच्या शून्य क्रमांकाच्या पोर्टास जोडल्या होत्या. ८०५१ च्या एक, दोन व तीन या पोर्टांना स्प्रिंगचे रोधक आतूनच असतात. शून्य क्रमांकाच्या पोर्टास ते नसतात, बाहेरून लावावे लागतात. पुस्तकात हे वाक्य होते, त्याने परीक्षेत ते लिहून गुणही मिळविले होते. लातूर पॅटर्नच्या नावाने आपण जी गुणवत्ता मिरवितो तिच्याविषयी मला आदर आहे. परंतु बिघडलेली वस्तू समोर ठेवून ‘दोष शोध’ असे सांगणारी प्रश्नपत्रिका मी अद्याप पाहिली नाही. असो. तीन रेझिस्टर लावताच त्याचे काम झाले. हाच दोष अर्डुइनो नावाच्या लोकप्रिय बोर्डावर निराळ्या रूपाने भेटतो: तेथील चिपमध्ये रोधक असतात, परंतु ते जोडावेत अशी आज्ञा प्रोग्रामात द्यावी लागते, ती विसरली की दार पुन्हा वाऱ्यावर. त्या बोर्डाच्या शून्य व एक क्रमांकाच्या पायांस कीपॅड जोडू नये हेही सांगून ठेवतो, कारण संगणकाशी संभाषण त्याच दोन पायांवरून चालते.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. पेटी उघडण्यापूर्वी, पेचकस हाती घेण्यापूर्वी, बाराही बटणे एकेक करून दाबा, आणि मघाच्या कागदावर प्रत्येकासमोर काय उमटले ते लिहा. काहीच उमटले नाही तर फुली मारा. दोष कोठे आहे हे बहुतेक वेळा त्या कागदाच्या आकृतीवरूनच दिसते.

समजा, एकट्या ५ वर फुली आहे. त्याच रांगेतील ४ व ६ चालतात, अर्थात आडवी तार शाबूत आहे. त्याच स्तंभातील २ व ८ चालतात, अर्थात उभी तारही शाबूत आहे. चिपला दोष देण्यास जागाच उरली नाही. दोष ५ च्या टिंबापाशी आहे. समजा, ४, ५, ६ अशी सलग रांग मुकी आहे. तिन्ही बटणे एकाच दिवशी झिजली असे क्वचितच घडते. दुसरी आडवी तार कोठेतरी तुटली आहे. २, ५, ८ व शून्य हा स्तंभ मुका असेल तर मधली उभी तार. बाराही मुकी असतील तर विजेचा पुरवठा, पट्टीचे तोंड सॉकेटातून निसटणे, किंवा प्रोग्रामच थांबणे यांचा संशय घ्यावा. मात्र येथे एक फसवी शक्यता आहे. एकच बटण आत रुतून दाबलेले राहिले, तर पुष्कळ प्रोग्राम ते सुटण्याची वाट पाहत बसतात आणि उरलेल्या अकरांकडे लक्षच देत नाहीत. तेव्हा सगळा कीपॅड मुका दिसला तरी अपराधी एकटाच असू शकतो.

फुल्या नसून उत्तरेच चुकीची असतील, तर आकृती आणखी बोलकी होते. १ दाबता ३, ४ दाबता ६, ७ दाबता ९ असे उमटते, परंतु मधला स्तंभ बरोबर आहे: पहिली व तिसरी उभी तार परस्परांच्या जागी गेली आहे. ४ दाबले तरी १, ५ दाबले तरी २, ६ दाबले तरी ३ उमटते: पहिली व दुसरी आडवी तार एकमेकींस चिकटली आहे. पावसाळ्यात पट्टीत पाणी शिरले असता, किंवा पेटीत मुंग्यांनी घर केले असता, हे घडू शकते. एक कोडे सोळा बटणांचा कीपॅड असणाऱ्यांसाठी ठेवतो, ज्यात उजवीकडे ए, बी, सी, डी असा चौथा स्तंभ असतो. त्याची आठ तारांची पट्टी कोणी उलटी खोचली, तर ए, ६, ८ व स्टार ही चारच बटणे बरोबर चालतात. १ दाबल्यास डी उमटते आणि ५ दाबल्यास ९. हे असे का होते ते घरातील मुलांनी कागदावर आकृती काढून शोधावे. रविवारची दुपार चांगली जाईल.

आकृतीवरून संशयित ठरला. आता पुरावा पाहिजे. त्याला दोन बाजू आहेत, एक कीपॅडची व दुसरी चिपची, आणि दोहोंची तपासणी वेगळी करावी. वीज बंद करून पट्टी बोर्डापासून सोडवा. कीपॅडच्या बाजूस मल्टिमीटर लावून प्रत्येक बटणासाठी कोणत्या दोन तारा जुळतात ते पाहा. येथे एक सूचना: मल्टिमीटरमध्ये तार शाबूत असल्यास ‘पीं’ असा आवाज देणारी खूण असते, तिच्यावर विसंबू नये. तो आवाज बहुधा काही दशक ओहमांपर्यंतच्या रोधासच येतो. कीपॅडची रबरी बटणे मात्र आतील काळ्या कार्बनच्या टिकलीने जोड करतात, आणि निरोगी टिकलीचाही रोध त्याहून जास्त असू शकतो. आवाज आला नाही म्हणून चांगले कीपॅड केराच्या टोपलीत गेलेले मी पाहिले आहेत. त्यापेक्षा २०,००० ओहमचे माप लावून आकडा वाचावा.

तो आकडा किती असला म्हणजे पुरे? येथे साधे गणित आहे. ५ व्होल्टांच्या दाबाखाली दोन रोधक एकापुढे एक आहेत: वरचा स्प्रिंगचा १०,००० ओहमचा, खालचा बटणाच्या जोडाचा. जोड १,००० ओहमचा असेल, तर चिपच्या पायावर अर्ध्या व्होल्टाहूनही कमी दाब राहतो. चिप तो निःसंशय शून्य मानते. जोडावर धूळ व तेलकटपणा बसून तो १०,००० ओहमचा झाला, तर दाब बरोबर अडीच व्होल्ट. अर्डुइनोवरील नेहमीची चिप ५ व्होल्टांच्या पुरवठ्यावर दीड व्होल्टापर्यंत शून्य मानते आणि तीन व्होल्टांपासून पुढे एक मानते. मधला प्रदेश कोणाचाच नाही. बटण कधी लागते, कधी लागत नाही, जोराने दाबले तर लागते, ही जी तक्रार घरोघर ऐकू येते तिचे मूळ या बेवारशी प्रदेशात आहे. जोराने दाबल्याने टिकली अधिक टेकते, रोध उतरतो, आणि आपणास वाटते की बटणास धाक लागतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिसांच्या पलीकडे जातो आणि धूळ तर बारमाही. रबरी टिकल्या शुद्ध स्पिरिटाचा बोळा फिरवून हलक्या हाताने पुसाव्यात व पूर्ण वाळू द्याव्यात. घासू नयेत, कार्बनचा थरच निघून येतो. प्लास्टिकच्या दोन पातळ पत्र्यांचा चपटा कीपॅड असेल तर त्याच्या आत शिरता येत नाही. त्याची पट्टी जेथे वळते तेथे छापलेली रेघ तडकलेली असल्यास तो बदलणेच शहाणपणाचे. त्या पट्टीला सोल्डरचा तापलेला खिळा लावू नये, प्लास्टिक वितळते.

दुसरी बाजू चिपची. कीपॅड सुटाच ठेवून उपकरण चालू करा आणि बोर्डावरील सॉकेटात पहिली आडवी व पहिली उभी जागा एका १,००० ओहमच्या रेझिस्टरने क्षणभर जोडा. पडद्यावर १ उमटला पाहिजे. अशा बाराही जोड्या पाहा. साध्या तारेऐवजी रेझिस्टर अशासाठी की, हात घसरून पुरवठ्याच्या तारेस लागला तरी वाहणारा प्रवाह मर्यादित राहतो व चिप वाचण्याचा संभव वाढतो. बाराही आकडे उमटले, तर चिप, प्रोग्राम व बोर्ड तिन्ही निर्दोष आहेत आणि ‘बोर्ड गेला’ म्हणणाऱ्या दुकानदारास नम्रपणे नमस्कार करून घरी यावे. ही चाचणी करावयास पाच मिनिटे पुरतात.

मात्र स्टार्टरच्या पेटीबाबत एक गोष्ट मी अत्यंत गंभीरपणे सांगतो. कीपॅडच्या तारांवर ५ व्होल्ट असतात. त्याच पेटीत, कित्येकदा एका वितीच्या अंतरावर, तीन फेजचा ४१५ व्होल्टांचा दाब खेळत असतो. एक खेळणे आहे, दुसरा मृत्यू आहे, आणि पेटीचे झाकण दोहोंवर एकच आहे. म्हणून विहिरीवर उभे राहून हा प्रयोग मुळीच करू नये. मुख्य स्विच उतरवून, तीनही फेज बंद असल्याची जाणकार वायरमनकडून खात्री करून, कीपॅडचा बोर्ड पेटीतून बाहेर काढवून घ्यावा आणि घरी टेबलावर लहान अडॅप्टरने चालवून तपासावा.

पेटी घरी सुरळीत चालते आणि विहिरीवर चुकते, असाही प्रकार आढळतो. तेथे कीपॅड निर्दोष असतो. मोटार सुरू किंवा बंद होते त्या क्षणी स्टार्टरच्या कॉइलमुळे तारांत जोराचा झटका निर्माण होतो; कीपॅडची पट्टी मोटारीच्या जाड तारांना लगटून गेली असेल तर तो झटका तिच्यात उतरतो, आणि चिप कोणीही न दाबलेला आकडा वाचते किंवा गोंधळून स्तब्ध होते. पट्टी आखूड करावी, मोटारीच्या तारांपासून दूर न्यावी, आणि स्प्रिंग थोडी घट्ट करावी, अर्थात १०,००० ऐवजी ४,७०० ओहमचा रोधक लावावा. (स्टार्टरचा विषय निघालाच आहे म्हणून जाता जाता: वीज येताच पंप आपोआप सुरू करणारे ऑटोस्विच काढून टाकावेत, असे महावितरण शेतकऱ्यांस वारंवार सांगत आले आहे. सगळ्या शिवारातील पंप एकाच क्षणी सुरू झाले की रोहित्र जळते, आणि मग कोणाचाच कीपॅड उपयोगी पडत नाही.)

एक दाबले की तीन उमटतात, हा दोष वरील कोणत्याही जातीचा नव्हे. धातूचा जोड टेकताना एकदाच टेकत नाही. चेंडू जमिनीवर पडून काही वेळा उसळावा तसा काही सहस्रांश सेकंद उसळतो. माणसास ते जाणवत नाही, चिपला प्रत्येक उसळी निराळी दाब वाटते. प्रोग्रामात सुमारे २० सहस्रांश सेकंद थांबून पुन्हा पाहावे, एवढ्याने हे भागते. जुन्या, झिजलेल्या बटणांची उसळी वाढते, म्हणून पाच वर्षे नीट चाललेले उपकरण एकाएकी दुहेरी आकडे देऊ लागते. जेथे एक दाब म्हणजे एकच मोजला गेला पाहिजे, तेथे याहून कडक व्यवस्था करतात. आपल्या मतदान यंत्राचे उदाहरण घ्या. १९८२ साली केरळातील परवूर मतदारसंघात ते प्रथम वापरले गेले. हैदराबादची ईसीआयएल व बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स या दोन सरकारी कंपन्या ते तयार करतात. त्यात मतदाराने एकदा बटण दाबले की मतदानाचा भाग बंद होतो, आणि मतदान अधिकाऱ्याने आपल्या जवळील बटण दाबून पुन्हा मोकळा करीपर्यंत कितीही वेळा दाबले तरी काही नोंदले जात नाही. उसळी येवो की अधीर बोट येवो, उत्तर एकच.

शेवटी मोबाईलवरून पंप चालविणाऱ्यांसाठी एक गोष्ट राहिली. फोनवरील आकडा पेटीपर्यंत स्वरांच्या रूपाने जातो, आणि तेथेही आपल्या कागदावरील रेघाच कामास येतात: प्रत्येक आडव्या रेघेस एक खालचा स्वर व प्रत्येक उभ्या रेघेस एक वरचा स्वर नेमलेला असतो, आणि बटण दाबले की दोन्ही एकदम वाजतात. ५ चे स्वर ७७० व १३३६ कंपनांचे, शून्याचे ९४१ व १३३६ चे. पेटीतील एक चिप हे दोन स्वर ओळखून त्यांचा आकडा मायक्रोकंट्रोलरला सांगते. एमटी ८८७० नावाची चिप या कामास फार वापरली जाते. तिची एक लकब आहे: १ ते ९ हे आकडे ती जसेच्या तसे सांगते, परंतु शून्य दाबले असता ती ‘शून्य’ सांगत नाही, ‘दहा’ सांगते. घरी बनविलेल्या पेटीत ‘१ दाबल्यास पंप सुरू, ० दाबल्यास बंद’ असा सरळ हिशेब करून प्रोग्राम लिहिला, तर पंप सुरू होतो आणि बंद होत नाही. विहिरीतले पाणी तळाशी गेले तरी मोटार कोरडी फिरत राहते आणि जळते; आणि दोष मात्र कधी फोनवर, कधी कीपॅडवर ढकलला जातो. प्रोग्रामात शून्याच्या जागी दहा लिहिले की झाले.

दुरुस्ती झाल्यावर, कोणती तार कोणत्या आडव्या वा उभ्या रेघेची, हा तक्ता जाड कागदावर लिहून पेटीच्या झाकणास आतून चिकटवावा. सर्व कीपॅडांच्या तारा सारख्या क्रमाने निघत नाहीत, आणि पाच वर्षांनी पेटी उघडणारा माणूस बहुधा दुसराच असतो. तक्ता पेन्सिलीने लिहावा. आपल्याकडील उन्हाळ्यात शाई उडते, पेन्सिल टिकते.